शिकवलेलं परत घेणाऱ्या सिस्टर

आमच्या शाळेच्या सिस्टर इंग्रजीत प्रार्थना सांगायच्या आणि मराठीत कान उपटायच्या. मराठीही पुस्तकातली नव्हे. आजऱ्याकडची, रांगडी, बायकांनीही 'येतो, जातो' म्हणायची, मधूनच कानडी शब्द येणारी. मी नोकरीसाठी भेटायला गेले तेव्हा फिकट निळ्या झग्यातली एक बाई नारळाच्या झाडाखाली उभी राहून माळीमामांना आळं खोल काढायला सांगत होती. मी तिला विचारलं, मुख्याध्यापिका कुठं भेटतील. तिनं झग्याला हात पुसले आणि म्हणाली, "हितंच. बोला पावणं."

मुलाखतीसाठी मी आठ दिवस इंग्रजी घोटून आले होते. ते सगळं वाया गेलं. सिस्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. गाव कुठलं, आणि अलीकडं काय चुकलं. गाव मलकापूरच्या पुढं, हे मी सांगितलं. चुकल्याचं काही आठवेना. तसं काही मोठं चुकलं नाही, असं मी जरा तोऱ्यातच म्हटलं. त्या म्हणाल्या, आठवलं की सांगा, आणि मला आठवीचं विज्ञान दिलं.

कोल्हापुरात कॉन्व्हेंट म्हटलं की पालकांच्या डोळ्यांपुढं टाय, चकचकीत बूट आणि फाडफाड इंग्रजी येतं. सिस्टरांना भेटून त्यांचा हिरमोड व्हायचा. एखादी आई पाठ करून आणलेलं इंग्रजी वाक्य बोलायला लागली की सिस्टर खुर्ची जवळ ओढून पोरगं घरात काय खातंय ते विचारायच्या. त्या शेतकरी कॅथलिक घरातल्या. आमच्या घरात क्रूस बी हाय आणि औत बी हाय, असं अभिमानानं सांगायच्या. लहान मुलींना 'तंगी' म्हणायच्या. त्यांच्या गावाकडं धाकट्या बहिणीला तसं म्हणतात. मुलगी दहावीला गेली तरी तंगीच राहायची.

एकदा संस्थेकडून एक झकास फ्रेम आली. अध्यापनाची दहा तत्त्वं, सोनेरी अक्षरांत. सगळ्या शाळांनी ती दर्शनी भागात लावायची होती. आमच्या सिस्टरांनी ती दर्शनी भागातच लावली, पण जमिनीपासून अडीच फुटांवर. तपासणीला आलेले फादर गुडघ्यांवर हात टेकून वाचत होते. त्यांनी विचारलं, इतकी खाली का. सिस्टर म्हणाल्या, ज्यांच्यावर ही तत्त्वं चालवायची त्यांना वाचता यायला नकोत का. पुढं तिसरीचा एक मुलगा ऑफिसात तक्रार घेऊन आला की आमच्या बाई चार नंबर पाळत नाहीत. सिस्टरांनी त्याला बसवून घेतलं, त्या बाईंना बोलावलं, आणि दोघांचं म्हणणं सारख्याच गंभीरपणे ऐकलं. त्या बाई आठवडाभर सिस्टरांशी बोलत नव्हत्या.

'समजलं का?' हा प्रश्न वर्गात विचारायला आम्हाला बंदी होती. सिस्टरांचं म्हणणं, पोरं सभ्य असतात, बाईंना वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतात. समजलं का ते विचारायचं नाही, करून दाखवायला सांगायचं. ज्याच्या तोंडून हा प्रश्न निघेल त्यानं मधल्या सुट्टीत नारळांना पाणी घालायचं. पहिल्या वर्षी त्या नारळांना माझ्याइतकं पाणी कुणी घातलं नसेल.

पण सगळ्यात मोठा जाच होता तो शुक्रवारचा. शुक्रवारी प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं शिक्षकानं वर्गापुढं उभं राहून आठवड्यात आपण काय चुकीचं शिकवलं ते सांगायचं. सिस्टर गणित शिकवायच्या आणि स्वतःपासून सुरुवात करायच्या. मंगळवारचं तिसरं उदाहरण लांबच्या रस्त्यानं सोडवलं. बुधवारी अमुक मुलगा बरोबर होता, त्याला मी उगाच गप्प केलं. पोरांना ही पाच मिनिटं फार आवडायची. आम्हा शिक्षकांना अजिबात नाही. मी तर किरकोळ चुका मुद्दाम बाजूला काढून ठेवायची, शुक्रवारी सांगायला बऱ्या म्हणून.

सिस्टर शनिवारी चॅपेलमध्ये पापकबुलीला जायच्या. मी एकदा धीर करून विचारलं, तुम्ही कसली पापं करता हो. त्या हसल्या. म्हणाल्या, त्यातलं निम्मं शाळेतलंच असतं. मग म्हणाल्या, "फादर माफ करत्यात गं. पण पोराच्या डोक्यात गेल्यालं खोटं फादरांना काढता येत न्हाई. त्ये ज्यानं घातलं त्यानंच जाऊन काढायचं."

हे बोलणं त्या किती शब्दशः जगतात ते मला शाहूपुरीत कळलं. तिथं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं पाइप आणि मोटारपंपांचं दुकान आहे. सहामाहीचे पेपर तपासताना सिस्टरांच्या ध्यानात आलं की भूमितीची एक सिद्धता दुसऱ्या रीतीनंही सुटते, आणि चौदा वर्षांपूर्वी याच मुलानं ती तशी सोडवली होती. त्यांनी त्याचा अर्धा मार्क कापला होता. मला घेऊन त्या भर बाजाराच्या दिवशी दुकानात गेल्या. काउंटरला गिऱ्हाइकांची गर्दी. सिस्टरांनी मोठ्यानं सांगितलं, तुझं बरोबर होतं, चूक माझी. दुकानदार आता पोट सुटलेला, दोन पोरांचा बाप. तो हातातला पाइप खाली ठेवून म्हणाला, "मी तवाच सांगितलं हुतं की सिस्टर." आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते दुकानाच्या छापील कागदावर लिहून घेतलं, खाली त्यांची सही घेतली, आणि तो कागद आजही तिथं गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलेला आहे. मला त्या दिवशी खूप हसू आलं होतं. अशी वेळ आपल्यावरही येईल असं काही वाटलं नव्हतं.

ती वेळ आली दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला. पोरं बाकांवर होती आणि मनं किल्ल्यांवर. निम्मी पोरं चार-पाच दिवसांत गावी निघणार होती. रानात भाताची कापणी, उसाची तोड. मी ठरवलं, आज पुस्तक मिटून काहीतरी उपयोगाचं शिकवू. साप चावला तर काय करायचं. या विषयात मला कुणी शिकवायची गरज नाही असं माझं ठाम मत होतं. मी मलकापूरकडची, साप बघतच मोठी झालेली. फळ्यावर पाय काढला, चावल्याची खूण केली, तिच्या वर दोरी काढली आणि सांगितलं, होईल तितकी घट्ट आवळायची, विष वर चढता कामा नये. एका मुलीची रिबन सोडून दुसरीच्या पायाला बांधूनही दाखवली. पोरं इतकी मन लावून ऐकत होती की मला माझंच कौतुक वाटलं. शेवटच्या बाकावर सिस्टर बसल्या होत्या. कुठल्याही वर्गात न सांगता मागं जाऊन बसायची त्यांना खोडच होती.

तास सुटला, पोरं पळाली. सिस्टरांनी मला ऑफिसात नेलं, सरकारी दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. आवळून बांधायचं नाही. रक्त थांबतं, पाय सडतो, कधी कापावा लागतो. पाय हलू नये म्हणून फळी लावून हलकंच बांधायचं, पैंजण, जोडवी काढायची, चिरायचं नाही, चोखायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

माझी मोठी बहीण, आक्का, चौदा वर्षांची असताना बांधावर गवत कापत होती तेव्हा तिला साप चावला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलाच्या दाव्यानं तिची पोटरी करकचून आवळली आणि तिला पाठीवर घेऊन मलकापूरच्या दवाखान्यापर्यंत धावले. आक्का वाचली. उजवा पाय मात्र घोट्याच्या वर काढावा लागला. विषानं पाय नेला आणि दाव्यानं पोरगी ठेवली, असंच आमच्या घरात आणि गावात सांगतात. तेव्हापासून आसपास कुणालाही साप चावला की आधी आप्पांना बोलावणं येतं. मला बांधायला शिकवलं तेही आप्पांनीच. फोनवर डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि आक्काचा पाय कशानं गेला ते मला वीस वर्षांनी कळत होतं. मी सिस्टरांना यातलं काही सांगितलं नाही.

मी तिथंच पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. सिस्टर कपाटातून आठवीचं हजेरीपत्रक काढत होत्या.

"मेसेज बाप वाचणार," त्या म्हणाल्या. "ऐकलंय पोरानं. आणि तू नुसतं बोलली न्हाईस, पाय काढून दावलास, बांधून दावलास. त्ये मेसेजनं पुसतंय व्हय?"

मी म्हटलं, सुट्टीनंतरच्या शुक्रवारी सांगते. त्या म्हणाल्या, साप शुक्रवारपर्यंत थांबणार आहे का. मग मात्र मला राग आला. मी अजून कायम झाले नव्हते. बेचाळीस घरांत जाऊन मी चुकीचं शिकवलं असं सांगायचं म्हणजे आपल्या हातानं नोकरीवर पाणी सोडणं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि सकाळी आठला स्कूटर घेऊन ये म्हणाल्या.

तीन दिवस आम्ही फिरलो. मी पुढं, सिस्टर मागं, त्यांच्या मांडीवर हजेरीपत्रक आणि पिशवीत लाकडी फूटपट्ट्या. फिकट निळा झगा वाऱ्यानं फुगायचा आणि सिग्नलला लोक माना वळवून बघायचे. गल्लीगल्लीत किल्ले चालले होते. चिखलानं कोपरापर्यंत माखलेली माझी पोरं बाई दारात बघून गोंधळायची. सिस्टरांची अट एकच होती. पहिलं वाक्य माझं, आणि ते 'मी तुला चुकीचं शिकवलं' हेच. तिथून पुढं त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. मी बरोबर पद्धत दाखवायची, आणि मग पोरानं ती माझ्या पायावर करून दाखवायची. पट्टी, ओढणी, हलकी गाठ. संध्याकाळी घरी गेले की पायावर चिखलाचे हात दिसायचे.

एका शिंप्याच्या घरी तर मुलीचे अब्बा मशिनवरून उठले, सगळं ऐकलं, आणि गल्लीतली वीस-पंचवीस माणसं गोळा करून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, 'चुकीचं शिकवलं' या वाक्यासकट. कळंब्याला उलटं झालं. तिथले वडील तुरुंगात पहारेकरी. ते म्हणाले, आम्ही विश्वासानं पोरं पाठवतो आणि तुम्ही असलं शिकवता. मी सिस्टरांकडं बघितलं. त्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या. मला त्यांचा अतोनात राग आला. शेवटी मीच म्हटलं, तुमचं बरोबर आहे, म्हणूनच आले. त्या गृहस्थांनी आत चहा टाकायला सांगितलं. बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की ते पहिलं वाक्य आता माझ्या तोंडून न अडखळता निघतं.

तिसऱ्या संध्याकाळपर्यंत एकेचाळीस नावांवर टिंबं पडली. उरलेला मुलगा आधीच मलकापूरला मामाकडं गेला होता. मी म्हटलं, एकासाठी एवढ्या लांब कशाला, मामाला फोन करते. सिस्टर एसटीच्या वेळा विचारायला लागल्या. मलकापूरला उतरून आम्ही मामाचं घर शोधलं. पोरगा अंगणात होता, मामेभावंडांना घेऊन. मी पहिलं वाक्य म्हणाले. त्यानं ऐकलं, आणि हळूच चड्डीच्या खिशात हात घालून सुतळीचं एक बंडल बाहेर काढलं. तीनही भावंडांनी आपापल्या खिशातून सुतळी काढली. बाईंनी सांगितलंय म्हणून त्यानं सगळ्यांना तयारीत ठेवलं होतं, आणि मामी म्हणाली की सकाळपासून एकमेकांचे पाय आवळून सराव चाललाय. सगळ्यात धाकट्याच्या पोटरीवर लाल वळ होता. तो बघून मला रडू फुटलं. एका पोरासाठी एवढ्या लांब का आलो, हे मी परत कधी विचारलं नाही.

स्टँडवर आल्यावर सिस्टरांनी हजेरीपत्रक मिटलं आणि विचारलं, "तुला कुणी शिकवलं हुतं ग?"

मग मी सगळं सांगितलं. दावं, आक्का, गावातून आप्पांना येणारी बोलावणी. आप्पांना हे कळलं तर ते जगणार नाहीत, असंही म्हटलं. आम्हा दोघींच्या पुढ्यातून कोल्हापूरची एक गाडी गेली. मला वाटलं, आता त्या म्हणतील, चल की, गाव चार किलोमीटरवर तर आहे. त्या म्हणाल्या, "ह्ये मला पयल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी तुला आधी घरी पाठवलो असतो. आता तू ठरीव. मी काय सांगायचं धाडस करत न्हाई."

त्यांनी ढकललं असतं तर मी नक्की अडून बसले असते. पण त्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या, आणि मला सारखा तो लाल वळ दिसत होता. आप्पांना बोलावणं उद्याही येऊ शकत होतं. मी गावाकडच्या वडापच्या जीपमध्ये बसले. सिस्टर माझ्यामागून चढल्या.

आप्पा अंगणात वैरण बांधत होते. सिस्टर आलेल्या बघून त्यांनी टोपी सारखी केली, सोप्यात घोंगडं अंथरलं. आक्का बसवलेल्या पायानं चालत चहा घेऊन आली. मी बेचाळीस घरांत बोललेलं वाक्य इथं उलटं करून म्हणायचं होतं आणि ते जमेना. शेवटी मी पोरांचं सांगितलं. मी वर्गात काय शिकवलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, खिशातल्या सुतळ्या. आवळलं की पाय सडतो, इथपर्यंत आले आणि थांबले. पुढचं सांगायची गरज उरली नव्हती. आप्पा आक्काच्या पायाकडं बघत होते.

आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली, धोतर गुडघ्यापर्यंत सारलं आणि पाय माझ्यापुढं लांब केला.

"मग कसं बांधायचं? दाव की."

मी फूटपट्टी लावली, माझ्या ओढणीनं हलकंच बांधलं. त्यांनी ते सोडलं आणि माझ्या पायावर स्वतः बांधून दाखवलं, गाठीखालून दोन बोटं जातात का ते बघितलं. गाठ बरोबर आली. मग ते बोटं मोजत पुटपुटायला लागले. पाटलाचा थोरला, धनगरवाड्यातले दोघं, शेजारच्या वाडीतली सुतारीण. ज्यांना ज्यांना त्यांनी बांधायला शिकवलं होतं ती माणसं. मोजता मोजता त्यांनी सिस्टरांना विचारलं, तुम्ही संगट येताय न्हवं? सिस्टर म्हणाल्या की ही माणसं तुमची, त्यांच्याकडं तुम्हीच जायचं.

आप्पांनी मान हलवली. उठले, आणि अंगणात उतरायच्या ऐवजी आक्कापुढं जाऊन उभे राहिले. आमचे आप्पा कुणापुढं मान खाली घालणारे नव्हते.

"आक्का, मी लई आवळलं. पाय माझ्या हातनं गेला."

आक्का कपबशा गोळा करत होती. "मला ठावं हाय आप्पा," ती म्हणाली. "पाय बसवायला गेलतो तवाच डाक्टरांनी सांगितलं."

"मग बोलली न्हाईस कवा?"

"काय बोलायचं? बांधलासा त्ये चुकलं. पण मला पाठीवर टाकून मलकापुरापत्तूर अनवाणी पळालासा, त्ये कुठं चुकलं हुतं?"

सिस्टर गोठ्याकडं तोंड करून उभ्या होत्या. आक्कानं कपबशा आत ठेवल्या, पदर खोचला आणि आप्पांच्या चपला उचलून त्यांच्या पायाशी ठेवल्या. "चला," ती म्हणाली, "धनगरवाड्यापत्तूर मी बी येतो. माझा पाय बघितला म्हंजी लोक तुमचं ऐकतील."